पॉलिप : नाव एक, प्रकृती अनेक

ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला विज्ञान शिकवीत. इंदूरच्या या शाळेत पान हाती दिले की ते प्रथम वनस्पतीचे कुल विचारीत, गुणधर्म नंतर. मराठीचा प्राध्यापक असूनही मी आज आतड्यातील पॉलिपविषयी लिहितो आहे, यास कारण घरचेच आहे. माझे थोरले बंधू शौचावाटे पडणाऱ्या रक्ताला वर्षभर ‘मूळव्याध’ म्हणत राहिले. निदान झाले तेव्हा मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला होता. त्यांच्या पश्चात मी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदमार्गे दुर्बीण घालून आतड्याची तपासणी, करवून घेतली. एक पॉलिप सापडला व त्याच वेळी काढला गेला.

पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेली मांसल वाढ. ती कधी देठावर लोंबते, कधी बैठी असते, कधी जवळजवळ सपाट. तिचे खरे कुल मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच निश्चित होते.

मलाशयाजवळ आढळणारे लहान हायपरप्लास्टिक पॉलिप बहुधा निरुपद्रवी असतात. दीर्घकाळच्या दाहानंतर उरणारे दाहजन्य पॉलिप स्वतः कर्करोगात बदलत नाहीत. धोका असतो तो मूळच्या दाहाचा. ॲडिनोमा हे कुल निराळे. यातील बहुतेक कधीच कर्करोग होत नाहीत. परंतु आतड्याचे बहुसंख्य कर्करोग ॲडिनोमातूनच, साधारणतः दहाएक वर्षांच्या अवधीत, उद्भवतात. नळीसारख्या रचनेचा ट्यूब्युलर ॲडिनोमा सर्वांत अधिक आढळतो. बोटांसारख्या झालरींचा व्हिलस अधिक धोक्याचा. दोहोंचे मिश्रण ते ट्यूब्युलोव्हिलस. चौथे कुल दंतुर पॉलिपांचे. बैठे, सपाट, बहुधा उजव्या बाजूस दडलेले हे पॉलिप पूर्वी हायपरप्लास्टिक म्हणूनच गणले जात. आज त्यांपासूनही कर्करोग होतो हे निश्चित झाले आहे.

कुलाखेरीज आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात : आकार, संख्या आणि पेशींतील बिघाडाची तीव्रता. ५ मिलिमीटरांहून लहान पॉलिपात कर्करोग क्वचितच असतो. १० मिलिमीटरांपुढे सावधगिरी वाढते. एका आनुवंशिक विकारात तर शेकडो ॲडिनोमा उगवतात व उपचार न झाल्यास कर्करोग जवळजवळ अटळ ठरतो. त्यामागील एपीसी हे जनुक १९९१ साली सापडले.

पॉलिप काढल्याने खरोखर लाभ होतो काय? अमेरिकेतील ‘नॅशनल पॉलिप स्टडी’ने १९९३ साली दाखविले की, ॲडिनोमा काढलेल्यांत कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेहून ७६ ते ९० टक्क्यांनी कमी होते. २०१२ साली त्याच अभ्यासातून मृत्यूही अपेक्षेच्या निम्म्याहून कमी झाल्याचे दिसून आले.

माझ्या अहवालात ‘ट्यूब्युलोव्हिलस, १२ मिलिमीटर’ असे शब्द होते. तीन वर्षांनी पुन्हा तपासणीस येण्याची सूचना होती. त्या पॉलिपाने मला काडीचाही त्रास दिला नव्हता. बहुतेक पॉलिप असेच मुके असतात. म्हणून पुतण्यालाही मी तपासणीस पाठविले. आईवडील वा भावंडांपैकी कोणास हा कर्करोग झाला असल्यास चाळिशीपासून, अथवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षे आधीपासून, यांतील जे अगोदर येईल तेव्हा तपासणी सुरू करावी, असा वैद्यकाचा सर्वसाधारण सल्ला आहे.

‘मूळव्याध’ हा शब्द आपल्या घरांत संकोच झाकण्याच्या कामी येतो. आयुष्यभर शब्दांची उठाठेव करूनही बंधूंच्या तोंडचा तो एक शब्द मी तपासून पाहिला नाही. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी, निदान माझ्या वयाच्या मित्रांनी, तो तपासून घ्यावा, एवढीच प्रार्थना.