थोरल्याचं दुखणं धाकट्याला कळू द्या

‘अवघड जागी दुखणं अन् जावई वैद्य’ ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. पण वृषणाच्या कर्करोगात नेमक्या याच संकोचापायी महिनेच्या महिने वाया जातात. हा आजार म्हातारपणाचा नाही, तो बहुतेक वेळा 15 ते 40 या वयात गाठतो. म्हणजे मुलगा कॉलेजात असतो, नुकता नोकरीला लागलेला असतो किंवा घरात लग्नाची बोलणी चाललेली असतात. अशा वेळी ही गोष्ट सांगायची कुणाला?

आईला स्तनाचा कर्करोग झाला की मुलींनी काळजी घ्यायला हवी, हे आता घरोघरी ठाऊक आहे. पुरुषांच्या या आजाराबद्दल मात्र सख्ख्या भावालाही कळवलं जात नाही. थोरल्याचं ‘हर्नियाचं ऑपरेशन’ झालं, एवढंच नातेवाइकांना सांगितलं जातं. वास्तविक, एका भावाला हा कर्करोग झाला असेल तर दुसऱ्याचा धोका साधारण आठ ते दहा पट वाढतो, वडिलांना झाला असेल तर सुमारे चौपट.

हे आकडे वाचून धसका घेऊ नका. नॉर्वे-डेन्मार्कमध्ये दरवर्षी लाख पुरुषांमागे दहाएक जणांना हा आजार होतो, भारतात एकापेक्षाही कमी जणांना. मुळात दुर्मीळ असलेला धोका अनेक पटींनी वाढला तरी तो लहानच राहतो. शिवाय बहुसंख्य रुग्णांच्या घरात हा आजार आधी कुणालाच झालेला नसतो. 2009 मध्ये बाराव्या गुणसूत्रावरच्या ‘केआयटीएलजी’ या जनुकाशी त्याचा संबंध सापडला. गर्भात बीजपेशी तगून राहाव्यात आणि योग्य जागी पोचाव्यात, यासाठी हे जनुक लागतं. त्यानंतर अशा डझनावारी जागा सापडल्या, पण प्रत्येकीचा वाटा थोडाथोडाच. त्यामुळे एखादी रक्ततपासणी करून ‘तुला होणार’ किंवा ‘नाही होणार’ असं सांगता येत नाही. घरातली माहिती म्हणूनच मोलाची ठरते.

त्याहून ठळक खूण जन्मापासून दिसत असते, ती म्हणजे पोटातून खाली न उतरलेलं वृषण. ‘मोठा झाला की उतरेल’ असं म्हणत घरची मंडळी वाट पाहत राहतात, आणि मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती इथे. सहा महिन्यांनंतर ते आपोआप उतरण्याची शक्यता फारच कमी असते. शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत व्हावी. स्वीडनमध्ये अशी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे 17 हजार पुरुषांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. तेराव्या वर्षाआधी शस्त्रक्रिया झालेल्यांचा धोका इतरांच्या दुपटीहून थोडा जास्त होता, नंतर झालेल्यांचा पाचपटीहून अधिक.

पहिली खूण बहुधा न दुखणारी गाठ असते, आणि दुखत नाही म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होतं. कधी एका बाजूला जडपणा येतो, जांघेत बोथट कळ येते, छाती थोडी वाढते. रोग पोटातल्या लसिकाग्रंथींत गेला असेल तर कंबर दुखते. क्रिकेटचा चेंडू लागल्याने कर्करोग होत नाही, पण त्या निमित्ताने हात लागून आधीचीच गाठ सापडते. गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर प्रत्येक वृषण बोटांत हलकेच फिरवून पाहावं. एक थोडं मोठं किंवा खाली असणं स्वाभाविक आहे, मागच्या बाजूची मऊ नळीही. टणक गाठ लागली तर सोनोग्राफी आणि रक्तातल्या खुणांची तपासणी करायची. तिथे सुई घालून तुकडा काढू देऊ नये. शस्त्रक्रिया जांघेतून होते आणि त्याआधी वीर्य साठवून ठेवण्याची सोय विचारून घ्यावी.

क्रिकेटपटू युवराज सिंगला झालेली गाठ छातीत, दोन फुप्फुसांच्या मधे होती, पण वृषणाच्या बहुतेक कर्करोगांप्रमाणे तीही बीजपेशींच्याच कर्करोगाची. त्याच्यावर अमेरिकेत इंडियानापोलिसला उपचार झाले ते डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली. याच डॉक्टरांनी 1974 मध्ये सिस्प्लॅटिन या औषधाला इतर औषधांची जोड देऊन या आजाराचं चित्र पालटलं. त्याआधी पसरलेला रोग बहुधा जीव घेई; आज एकूण रुग्णांपैकी शंभरात नव्वदहून अधिक बरे होतात.

ज्यांनी हे उपचार घेतले आहेत, त्यांनी आपल्या भावाला आणि वयात आलेल्या मुलाला आजाराचं खरं नाव सांगावं. आणि ज्याच्या हाताला गाठ लागली आहे, त्याने याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावं.