वाढत्या अंगाची गिटार

मुलांचे कपडे शिवावयास टाकतांना शिंप्याला 'वाढत्या अंगाचे शिवा' असें बजावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. सदऱ्याच्या बाबतींत ती शहाणपणाचीच आहे. बाह्या दुमडल्या कीं काम भागतें. परंतु हाच हिशेब वाद्याला लावला म्हणजे पुरता चुकतो, कारण गिटारीची दांडी दुमडतां येत नाहीं.

आमचें रांजणगांव अष्टविनायकांतील महागणपतीचें स्थान म्हणून सर्वांस ठाऊक आहे. औद्योगिक वसाहत झाल्यापासून निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबें येथें येऊन राहिलीं, आणि पुण्यामुंबईप्रमाणें येथील मुलांनाहि गिटारीची हौस लागली. हौस उत्तमच, पण सात वर्षांच्या मुलाच्या हातीं पूर्ण मापाची गिटार देऊन 'पुढेंहि उपयोगी पडेल' असें म्हणणारे पालक गांवांत भेटतात तसे शहरांतहि भेटतात. चार महिन्यांनीं ती गिटार कपाटावर चढते, आणि 'ह्याला गाण्याचें अंगच नाहीं' असा निकाल घरांत लागतो. श्रोतेहो, मला आज एवढेंच सांगावयाचें आहे कीं, असे पुष्कळसे निकाल मुलाचे नसून मापाचे असतात.

आपल्या परंपरेला ही गोष्ट नवी नाहीं. मिरजेच्या सतारींना व तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तेथें पुरुषांच्या खालच्या पट्टीच्या गळ्यासाठीं मोठा तंबोरा करतात आणि स्त्रियांच्या उंच पट्टीसाठीं लहान. गळ्याला साजेल तें वाद्य, हा तेथील न्याय. गिटार घेतांना तोच न्याय हाताला लावावयाचा.

आजच्या गिटारीचा साचा मुख्यतः स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) ह्या कारागिरानें बसविला. पूर्ण मापाच्या गिटारींत मोकळ्या तारेची लांबी सुमारें ६५ सेंटिमीटर असते, आणि पहिला पडदा साडेतीन सेंटिमीटरांहून किंचित् अधिक अंतरावर येतो. 'पाव' मापाच्या गिटारींत तार सुमारें ४८ सेंटिमीटर असते व पहिला पडदा पावणेतीन सेंटिमीटरांवर येतो. 'पाव' हें केवळ नांव आहे. लांबीनें ती चौथा हिस्सा नसते. पहिल्या पडद्याशीं पडणारा हा सुमारें सेंटिमीटरभराचा फरक मोठ्या माणसास क्षुल्लक वाटेल. परंतु लहान मुलाला तीन बोटें एकाच वेळीं तीन तारांवर टेकवावयाचीं असतात, हें विसरूं नये.

ढोबळ मानानें पांचव्या-सहाव्या वर्षीं पाव, सहा ते आठपर्यंत अर्धें, नऊ ते अकरापर्यंत पाऊण आणि पुढें पूर्ण माप योग्य ठरतें. तथापि वय हा अंदाज. खरें प्रमाण हात. मुलाला खुर्चीवर नीट बसवून गिटार मांडीवर द्यावी. डावा खांदा न ताणतां हात पहिल्या पडद्याशीं पोंचतो काय, आणि उजवा हात पेटीवरून सहज तारांवर उतरतो काय, हें पाहावें. यासाठीं मुलाला दुकानांत बरोबर नेणें अवश्य आहे. रांजणगांवाहून पुणें सुमारें पन्नास किलोमीटर. तेवढा हेलपाटा सोसावा, पण घरबसल्या वाद्य मागवूं नये.

मापानंतर तारांचा विचार. पूर्वी गिटारीला आंतड्याची तात लावीत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची जागा नायलॉननें घेतली. पोलादी तारांचा ताण नायलॉनच्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि ती तार कोवळ्या बोटांत रुतते. म्हणून पहिली गिटार नायलॉनच्या तारांची असावी. नायलॉनसाठीं केलेल्या गिटारीला हौसेनें पोलादी तारा चढविल्यास घोडी उखडण्याचें भय असतें.

तारांची उंचीहि तितकीच महत्त्वाची. बाराव्या पडद्यावर तार आणि पडदा यांत चार मिलिमीटरांहून अधिक अंतर असेल, तर मोठ्यांचींहि बोटें थकतात. ह्याच पडद्यावर आणखी एक परीक्षा करावी. तो तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तेथें तारेला नुसतें बोट लावून छेडल्यास घंटेसारखा स्वर निघतो. मग तार दाबून छेडावी. दोन्ही स्वर एक आले पाहिजेत. सतारीचे पडदे सरकवितां येतात. गिटारीचे ठोकून बसविलेले असतात, म्हणून कारागिराची चूक वादकाला सुधारतां येत नाहीं. बेसूर वाद्यावर तयार होणारा कान बेसुरालाच सूर समजूं लागतो.

आपल्याकडे गिटार दोन तऱ्हांनीं वाजते, हेंहि ध्यानांत ठेवावें. ब्रिजभूषण काबरा यांनीं रागसंगीतासाठीं वापरली ती गिटार आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी सरकवून वाजवितात. तिच्या तारा मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात, आणि बोटांनीं दाबून शिकणाऱ्या मुलाला ती निरुपयोगी होय. यास्तव खरेदीपूर्वीं शिक्षकाचा सल्ला घ्यावा.

लाकडाविषयीं फार काळजी नको. अखंड लाकडाच्या तबलीचा नाद अधिक चांगला खरा. पण शिरूर तालुक्यासारख्या कोरड्या मुलखांत उन्हाळ्यांत ती तडकूं शकते. थर चिकटविलेल्या लाकडाची गिटार अधिक सोशिक असते, आणि नवशिक्याला तिच्यांत कांहीं उणें पडत नाहीं. उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत मात्र कोणतीहि गिटार ठेवूं नये.

आतां खर्चाची शंका राहते. लहान गिटार दोन-तीन वर्षांत अपुरी पडेल, हें खरें. पण ती धाकट्या भावंडाला देतां येते, शेजारच्या मुलाला विकतां येते, किंवा प्रथमच कोणाची वापरलेली घेतां येते. मुलाचा हात वाढला म्हणजे गिटार बदलावी; दुखऱ्या बोटांनीं घालविलेली हौस मात्र कोणत्याहि दुकानांत परत मिळत नाहीं.