लाकडी जहाजांच्या प्रतिकृती – लेखांक ४ : गुराब, फळी आणि दिल्लीचे ऋतू

गुराब हे मराठा आरमाराचे मुख्य लढाऊ जहाज. अरबीत गुराब म्हणजे कावळा, आणि तेच नाव या जहाजाला मिळाले. कान्होजी आंग्रे (१६६९–१७२९) यांच्या काळात कोकण किनाऱ्यावर गुराबा आणि गलबते जोडीने लढत. गुराबांवर मोठ्या तोफा असत. गलबते वल्ह्यांवर चालत आणि वारा पडला की गुराबांना ओढून नेत. युरोपीय युद्धनौकांच्या प्रतिकृतींचे पेटीबंद संच विकत मिळतात. त्यांत कापलेले तुकडे, आराखडा, दोरा, पितळी सामान सगळे तयार असते. गुराब बांधायची तर आराखड्यापासून शेवटच्या दोरापर्यंत सर्व स्वतः घडवावे लागते. दिल्ली समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असली, तरी या कामाला लागणारे लाकूड, दोरा, पितळ आणि हत्यारे शहरातच मिळतात. अवघड असते ती इथली हवा. या लेखांकात दोन डोलकाठ्यांच्या गुराबेची प्रतिकृती दिल्लीतल्या घरात कशी बांधायची, ते क्रमाने पाहू.

आराखडा

अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला मुंबईच्या गोदीत आणि कोकणातल्या बंदरांत जहाजबांधणीच्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या. गोदीतली ब्रिटिश जहाजे कागदावरच्या आराखड्यावरून बांधली जात. १८१७ मध्ये जमशेदजी बमनजी वाडियांनी सागवानात बांधलेल्या ‘ट्रिंकोमाली’चे आराखडे १८१२ मध्ये ‘जावा’ या जहाजाबरोबर बुडाले, तेव्हा नवी प्रत येईपर्यंत काम थांबले. ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. कोकणातला सुतार मात्र नजरेने आणि हाताच्या मापाने जहाज उभे करी. त्याचा आराखडा त्याच्या डोक्यात असे, आणि त्याच्याबरोबरच तो गेला.

गुराबेसाठी मुख्य आधार लिखित वर्णनाचा आहे. रॉबर्ट ऑर्म याने १७६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासग्रंथात आंग्र्यांच्या जहाजांचे तपशील दिले आहेत. दोन डोलकाठ्यांच्या गुराबेचा भार दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांच्या गुराबेचा सुमारे तीनशे टन. लांबीच्या मानाने रुंदी बरीच, आणि मध्यापासून पुढे निमुळता होत गेलेला सांगाडा. पुढच्या टोकाला गोलसर छातीऐवजी लांब बाहेर आलेली नाळ. या नाळेवरचा तक्ता (डेक) मुख्य तक्त्याच्या पातळीत असतो, पण त्याला कठडा नसतो. समोरून येणाऱ्या लाटांत जहाज जोराने डुलते, तेव्हा वर चढलेले पाणी अडथळ्याविना वाहून जावे म्हणून तो उघडा ठेवलेला असे. नाळ आणि मुख्य तक्ता यांच्यामध्ये आडवी भिंत असते. त्या भिंतीतल्या दोन भोकांतून नऊ किंवा बारा पौंडी तोफा नाळेवरून समोर मारा करतात. बाजूंच्या तोफा सहा ते नऊ पौंडी.

हे वर्णन वाचताना पुरेसे वाटते, पण कागदावर रेघ ओढायला बसले की त्यातल्या रिकाम्या जागा दिसू लागतात. उदाहरणार्थ, पुढची डोलकाठी नेमकी कुठे उभी होती? ऑर्म हे सांगत नाही, पण तोफा सांगतात. तोफ उडाली की गाड्यासकट मागे सरकते, आणि ती भरण्यासाठीही तिच्यामागे माणसांना जागा लागते. दोन मीटर लांबीची तोफ, तिचा गाडा आणि मागे सरकण्याची जागा आडव्या भिंतीमागे आखली, की डोलकाठी त्या पट्ट्याबाहेर किंवा दोन तोफांच्या मध्ये न्यावी लागते. असे पाच-सहा प्रश्न सोडवल्यावरच आराखडा पुरा होतो.

याच पद्धतीचे अलीकडचे मोठे उदाहरण म्हणजे भारतीय नौदलाचे ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून ते घडवले गेले. चित्राखेरीज कोणताही आराखडा नव्हता, म्हणून नौदलाने आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाबरोबर आधी प्रतिकृतीच्या चाचण्या घेतल्या. गोव्यात बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली कारागिरांनी काथ्याच्या दोरांनी फळ्या शिवून ते बांधले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल झाले.

प्रमाण

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून आरमारासाठी बनवलेल्या प्रतिकृतींत १:४८ हे प्रमाण रूढ आहे, म्हणजे पाव इंचाला एक फूट. ग्रीनिच इथल्या सागरी संग्रहालयातल्या अनेक जुन्या प्रतिकृती याच प्रमाणात आहेत. गुराबेच्या तक्त्याची लांबी २४ मीटर धरली, तर प्रतिकृती नाळ वगळून बरोबर ५० सेंटिमीटरची होते. घरातल्या टेबलावर ती मावते आणि तपशीलही दिसतात. या प्रमाणात माणूस साडेतीन सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी उंचीचा, दोन मीटरची तोफ ४२ मिलिमीटरची, आणि अडीच सेंटिमीटर जाडीचा दोर अर्ध्या मिलिमीटरचा होतो. पुढची सर्व मापे एकाच कोष्टकात लिहून ते कामाच्या जागी भिंतीवर लावावे. मोजण्याच्या चुका बहुधा इथेच टळतात.

लाकूड

मूळ गुराब सागवानी. प्रतिकृतीत मात्र साग टाळावा. सागाची रंध्रे मोठी असतात, आणि ४८ पट लहान केलेल्या जहाजावर ती नालीसारखी दिसतात. दिल्लीत सर्वत्र मिळणाऱ्या शीशमाचा पोतही या कामाला जाडच पडतो. बारीक आणि एकसारख्या पोताचे देशी लाकूड म्हणजे हेदू. उत्तरेत त्याला हल्दू म्हणतात. रंग फिकट पिवळा, पातळ पट्ट्या सहज निघतात आणि धार लावलेल्या पटाशीने काप स्वच्छ येतो. लाकडाच्या खरेदीसाठी कीर्तीनगरचा बाजार. तिथे घन फुटांचे व्यवहार चालतात. प्रतिकृतीला लागणारे लाकूड त्यातल्या एका छोट्या तुकड्यात निघते, त्यामुळे वखारीतला उरलेला तुकडा मागावा. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: रेषा सरळ असाव्यात, गाठ नसावी, आणि लाकूड निदान वर्षभर वाळलेले असावे. पठाण (जहाजाचा तळकणा) आणि आतल्या आडव्या तुकड्यांसाठी चार मिलिमीटरचे चांगले प्लायवूड चालते.

सांगाडा आणि फळ्या

युरोपीय पद्धतीत आधी पठाण, मग त्यावर वाकांचा (बरगड्यांचा) सांगाडा आणि शेवटी फळ्या असा क्रम असतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पुष्कळदा हा क्रम उलटा असे. फळीला फळी जोडत कवच उभे राही आणि वाक नंतर आत बसवले जात. ‘कौंडिण्य’ही तसेच बांधले गेले. घरच्या प्रतिकृतीत आकार हमखास बरोबर यावा म्हणून युरोपीय क्रम सोयीचा पडतो. पठाणीत दर तीन सेंटिमीटरवर खाच करून आडवे तुकडे काटकोनात बसवायचे. फळ्या लावण्याआधी एक पातळ पट्टी नाळेपासून मागच्या टोकापर्यंत सर्व तुकड्यांवर धरून पाहावी. पट्टी कुठे उचलली जात असेल तर तुकडा भरावा आणि कुठे टेकण्याआधीच वाकत असेल तर घासावा. या तपासणीला एक पूर्ण दिवस द्यावा. पुढच्या महिन्याभराचे काम तिच्यावर उभे असते.

फळ्या चार मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड. मूळ जहाजावर त्या साधारण १९ सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर जाड होतात. आता मुख्य हिशेब. जहाजाच्या मध्यावर एका बाजूचा घेर ६० मिलिमीटर असेल, तर तिथे १५ फळ्या लागतात. नाळेजवळ तोच घेर ३६ मिलिमीटरवर येतो. त्या जागेतही याच १५ फळ्या बसायच्या असल्याने प्रत्येक फळी टोकाकडे २.४ मिलिमीटरपर्यंत निमुळती करावी लागते. सरळ पट्ट्या तशाच लावत गेल्यास पाचव्या-सहाव्या फळीला त्या वर चढू लागतात आणि खाली चंद्रकोरीसारखी फट राहते. फळी मूळ रुंदीच्या निम्म्याहून कमी करू नये. तशी वेळ आली तर दोन फळ्यांची टोके एका फळीत मिळवावी.

निमुळती केलेली फळी गरम पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे भिजवून नाळेच्या वळणावर टाचण्यांनी टाचावी आणि रात्रभर तशीच सुकू द्यावी. ओल्या फळीला फेविकॉल लावू नये. सुकताना ती आकसते आणि सांधा उघडतो. दुसऱ्या दिवशी ती काढून फेविकॉलने बसवावी. एक फळी डाव्या बाजूला लावली की तिची जोडीदार उजव्या बाजूला लावायची, नाहीतर पठाण एका अंगाला पिळली जाते. म्हणजे दिवसाला फळ्यांची एकच जोडी. १५ जोड्यांना किमान १५ दिवस लागतात. या छंदाला लागणारा संयम असा मोजता येतो: लाकडाला आणि फेविकॉलला सुकायला जेवढा वेळ लागतो, तेवढा तो असतो. ज्याला रोज अर्धाच तास मिळतो त्याचेही काम म्हणूनच अडत नाही.

दिल्लीचे ऋतू

मे महिन्यात दुपारी दिल्लीच्या हवेतली आर्द्रता २०–३० टक्क्यांपर्यंत उतरते. ऑगस्टमध्ये ती ७०–८० टक्क्यांच्या आसपास असते. या दोन टोकांमध्ये लाकडातल्या पाण्याचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी हलते. त्यामुळे सागासारखे स्थिर मानलेले लाकूडही रुंदीत जवळजवळ पावणेदोन टक्के फुगते किंवा आकसते, लांबीत मात्र जवळपास हलत नाही. चार मिलिमीटरच्या एका फळीत हा फरक नखाने जाणवणार नाही. १५ फळ्यांच्या ६० मिलिमीटर घेरात तो एक मिलिमीटर होतो, आणि मूळ जहाजाच्या मापाने ती पाच सेंटिमीटरची फट असते. ऑगस्टमध्ये लावलेल्या फळ्या पुढच्या मे महिन्यात तडकतात, मे महिन्यात घट्ट बसवलेल्या फळ्या ऑगस्टमध्ये एकमेकींना ढकलून वर उचलतात.

म्हणून दिल्लीत फळ्यांचे काम ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च या मधल्या हवेत करावे. पट्ट्या कापून निदान दोन आठवडे त्याच खोलीत ठेवाव्यात. पावसाळा आराखडा काढण्यात, वाचनात आणि संग्रहालये पाहण्यात घालवावा. जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात भारताच्या सागरी वारशाचे दालन आहे. मे-जूनमध्ये तोफा, नांगर, कड्या असे धातूचे बारीक काम उरकावे. हिवाळ्यात धुके आणि धूर असताना खिडक्या बंद ठेवून लाकूड घासावे लागते. तेव्हा तोंडावर चांगला मास्क हवा.

खिळे, दोर आणि शीड

फळ्यांवरचे खिळे बांबूचे करावेत. उदबत्तीची काडी उभी चिरून तिचे तुकडे सोनाराच्या जंतरातून ओढायचे, म्हणजे मोठ्या भोकातून क्रमाने लहान भोकांत. सहा-सात ओढींत अर्ध्या मिलिमीटरची गोल सळई निघते. जंतर, बारीक करवत, कानस आणि चिमटे ही सोनारकामाची हत्यारे चांदनी चौकाच्या परिसरात मिळतात. पितळी पत्रा आणि तार जवळच्या चावडी बाजारात मिळते. हीच बांबूची काडी गलबताच्या प्रतिकृतीतही कामाला येते, कारण ऑर्मच्या सांगण्याप्रमाणे काही गलबतांचा तक्ता वजन कमी राहावे म्हणून चिरलेल्या बांबूचाच असे.

दोरांसाठी सुती किंवा जवसाचा धागा किनारी बाजारातून आणावा. डोलकाठीला आधार देणारे दोर गडद रंगवावेत. शीड आणि परबाण (शिडाची आडवी काठी) ओढणारे दोर काथ्याच्या फिकट तपकिरी रंगात ठेवावेत. प्रत्येक धाग्यावरून मेणाचा गोळा फिरवला की त्याची लव बसते आणि धूळ कमी धरते. नैसर्गिक धागा ओलाव्याने आखडतो, म्हणून जूनमध्ये ताणून बांधलेला दोर ऑगस्टमध्ये डोलकाठी वाकवू शकतो. दोरांनाही मधला ऋतूच बरा. शिडासाठी सर्वांत तलम मलमलही या प्रमाणात जाड पडते. ती चहाच्या पाण्यात हलकी रंगवून परबाणाला गुंडाळलेली दाखवावी. शेवटी काचेची पेटी आवश्यक आहे. दिल्लीची धूळ दोरांत बसली की निघत नाही, आणि पेटीत हवेतल्या ओलाव्याचे चढउतारही सौम्य होतात.

नोंद

काम संपल्यावर पेटीवर एक पट्टी लावावी. तिच्यावर प्रमाण, वापरलेले लाकूड आणि बांधणीची वर्षे यांच्याबरोबर दोन याद्या असाव्यात: कोणते भाग लिखित आधारावरून केले आणि कोणते अंदाजाने. गुराबेच्या बाबतीत उघडी नाळ, आडव्या भिंतीतल्या तोफा आणि डोलकाठ्यांची संख्या पहिल्या यादीत येतील. पुढच्या डोलकाठीची नेमकी जागा आणि फळ्यांची रुंदी दुसऱ्या यादीत जातील. ही पट्टी नसेल तर प्रतिकृती शोभेची वस्तू ठरते. पट्टी असेल तर पुढच्या अभ्यासकाला तिच्यातली चूक शोधता येते आणि दुरुस्तही करता येते. ज्या जहाजाचा आराखडा हाती नाही, त्याच्या प्रतिकृतीची खरी किंमत त्या दुरुस्तीत आहे.