पडद्यावरचे दुकान आणि अंगावरचा कपडा

कापड घेताना आपल्याकडची जुनी माणसे डोळ्यांवर फारसा विश्वास ठेवीत नसत. दुकानदाराने गादीवर थान उलगडले की आधी हात पुढे जाई. घरातील आजी कापडाचा कोपरा मुठीत घट्ट चुरगाळून सोडून देई आणि चुण्या किती राहतात ते पाही. आजोबा तेच कापड दोन बोटांत चोळून बघत. बोटांना पांढरी भुकटी लागली की "नुसती खळ आहे" म्हणून थान बाजूला सारीत. मग कापड उजेडासमोर धरणे, पन्हा विचारणे, रंग जाईल काय याची चौकशी करणे, हे विधी होत. (रंगाची 'गॅरंटी' दुकानदार तत्काळ देई. तिचा अर्थ काय, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असे.) नक्षी आवडली की नाही, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी येई.

मोबाईलवर कपडे मागवताना हा क्रम पार उलटा होतो. तेथे नक्षी प्रथम दिसते, रंग दिसतो, कपडा घालून उभी असलेली सडपातळ मुलगी किंवा रुंद खांद्यांचा तरुण दिसतो. पोत, वजन, विणीचा दाटपणा, शिवण यांतले काहीच हाताला लागत नाही. खरेदीतला हात बाद झाला आणि डोळे तेवढे उरले. फॅशन हा तर पहिल्यापासून डोळ्यांचाच मामला. त्यामुळे ऑनलाइन खरेदी आणि क्षणोक्षणी बदलणारी फॅशन यांचे इतके मेतकूट जमावे यात नवल नाही. शहाणपणाने खरेदी करणे म्हणजे हाताचे गेलेले काम दुसऱ्या कोणत्या तरी मार्गाने परत मिळवणे, असे मला वाटते. ते कसे करता येईल, याचा विचार येथे करायचा आहे.

अर्थात पडद्यावरच्या दुकानाला सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. अंगाने जाड किंवा फार उंच असलेल्या मुलामुलींना "तुमच्या मापाचं नाही हो आमच्याकडे" हे वाक्य चारचौघांत ऐकावे लागते. मोबाईल असे काही बोलत नाही. तीस साड्या उलगडून झाल्यावर एकही न घेता उठायची चोरी वाटते, तीही येथे नाही. तालुक्याच्या गावात न मिळणारी वस्तू घरी येते. सोय खरी आहे. पण सोय आणि पारख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता कापडाकडे वळू. हाताला जे कळत नाही ते पुष्कळदा वर्णनात बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि आपण नेमके तेच वाचत नाही. तेथील शब्द मात्र जपून वाचावे लागतात. 'कॉटन' आणि 'कॉटन फील' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात सुताचा एक धागाही नसू शकतो. 'कॉटन ब्लेंड' म्हणजे मिश्रण. किती टक्के ते लिहिलेले नसेल तर सूत कमी आहे असे समजून चालावे. 'आर्ट सिल्क' हा शब्द तर आपल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना हमखास फसवणारा! त्यातील 'आर्ट' म्हणजे कला नव्हे, ते 'आर्टिफिशियल'चे लघुरूप आहे. म्हणजे कृत्रिम रेशीम. बहुधा रेयॉन किंवा पॉलिस्टर. रेयॉनलाच व्हिस्कोज म्हणतात. ते लाकडाच्या लगद्यापासून तयार होते, अंगाला मऊ व थंड लागते, पण भिजले की त्याची ताकद कमी होते आणि ते आटतेही. ते पिळून, आपटून धुणाऱ्या घरात फार दिवस टिकत नाही. पॉलिस्टर याच्या उलट. ते आटत नाही, चुरगळत नाही, लवकर वाळते. परंतु घाम शोषून घेत नाही. पावसाळ्यात वसतिगृहात राहणाऱ्याला ते सोयीचे, पण मे महिन्यात एस.टी.त उभ्याने प्रवास करणाऱ्याला ते शिक्षेसारखे.

कापडाच्या वजनाची खूण 'जी.एस.एम.' या अक्षरांत असते. एक चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम, एवढाच तिचा अर्थ. रोजच्या वापराच्या टी-शर्टचे कापड साधारणपणे 150 ते 200 ग्रॅमचे असते. आकडा यापेक्षा बराच खाली असेल तर ते झिरझिरीत निघण्याचा संभव अधिक. आजोबा कापड उजेडासमोर धरून जे पाहत, ते थोडेफार या आकड्यात सापडते. कपडा हाती आल्यावर शंका वाटली तर आतल्या कडेचा एखादा सुटा धागा काढून, मोरीत चिमट्याने धरून जाळून पाहावा. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि उरलेला कोळसा बोटांनी चुरतो. पॉलिस्टर वितळते आणि थंड झाल्यावर त्याची कडक गोळी होते.

याच ठिकाणी पैठणीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण स्नेहसंमेलनाच्या सुमारास आपल्या महाविद्यालयात तिचे फार पीक येते. आमच्या वर्गातील एका मैत्रिणीने 'कमवा आणि शिका' योजनेत काम करून जमवलेल्या पैशांतून 1,450 रुपयांची 'शुद्ध रेशमी हातमाग पैठणी' मागवली. जे आले ते पॉलिस्टर होते आणि त्यावर मोर छापलेले होते. किमतीवरूनच तिला कळायला हवे होते, असे अनेकांनी नंतर ऐकवले. ते खरेही आहे. पण फसवणाऱ्याचा दोष त्याने कमी होत नाही.

खऱ्या पैठणीचा पदर हातमागावर वेगवेगळ्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवून विणलेला असतो, त्यामुळे पदरावरची नक्षी उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. एका साडीला कित्येक आठवडे, नक्षी भरगच्च असली तर महिनेही लागतात. यंत्रमागावरच्या साडीत मागच्या बाजूला नक्षीचे सुटे धागे लोंबतात किंवा कापून टाकलेले दिसतात. म्हणून विक्रेत्याकडे पदराच्या उलट बाजूचे छायाचित्र मागावे. ते देण्यास तो टाळाटाळ करू लागला की उत्तर मिळाले! येवले-पैठणच्या या वस्त्राला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 पासून 'सिल्क मार्क' ही खूण दिली जाते. मात्र ती फक्त रेशीम शुद्ध असल्याचे सांगते, साडी हाताने विणलेली आहे असे सांगत नाही. हातमागासाठी 2006 पासून 'हँडलूम मार्क' ही निराळी खूण आहे. यंत्रमागावरची पैठणी नेसण्यात कमीपणा मुळीच नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथील लाखो हातांना यंत्रमागच पोसतो. पण यंत्रमागाचा माल हातमाग म्हणून विकला, की येवल्याच्या विणकराच्या ताटातला घास जातो.

मापाच्या बाबतीत तर आपण सगळेच अंदाजपंचे चालतो. 'एम' किंवा 'एल' हे काही मीटर-किलोसारखे ठरलेले माप नाही. प्रत्येक कंपनीचा 'एम' स्वतंत्र असतो. भारतीय शरीरांची मापे घेऊन देशी तक्ता बनवण्याचे काम राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांत हाती घेतले, यावरूनच आजवर उसन्या तक्त्यांवर काम चालत आले हे लक्षात येते. यावर सोपा उपाय आहे. आपल्याला नीट बसणारा एक सदरा किंवा कुर्ता जमिनीवर सपाट पसरावा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजावे आणि दुप्पट करावे. लांबी व खांदाही मोजावा. ही तीन मापे वहीत लिहून ठेवली की कायमची कटकट मिटते. एक गोष्ट मात्र पाहावी: कंपनीने दिलेले माप शरीराचे आहे की तयार कपड्याचे? कपडा छातीपेक्षा दोन-चार इंच सैल असावाच लागतो. हे दोन आकडे एकच समजले तर घोटाळा ठरलेला.

शिंप्याकडून कपडे शिवून घेण्याच्या काळात शिवणीत 'माया' ठेवीत. कपडा घट्ट झाला की शिवण उसवायची आणि आतले जादा कापड मोकळे करायचे. धाकट्या भावाच्या अंगावर आलेला थोरल्याचा सदरा याच मायेवर चाले. कापड वाचवण्यासाठी स्वस्त तयार कपड्यांत ही माया जवळजवळ नाहीशी केलेली असते. ग्राहकांनी टाकलेल्या छायाचित्रांत कपड्याची आतली बाजू दिसत असेल तर तेवढे जरूर पाहावे. कंपनीची छायाचित्रे झगझगीत प्रकाशात काढलेली असतात. ग्राहकांची ट्यूबलाइटखाली, चुरगळलेल्या चादरीवर. खरा रंग दुसऱ्या ठिकाणीच भेटतो. अभिप्रायही पाच ताऱ्यांचे आणि एका ताऱ्याचे सोडून मधले वाचावेत, त्यातही 'दोन धुण्यांनंतर' असे शब्द असलेले.

आता फॅशनविषयी. पूर्वी फॅशन नव्हती आणि माणसे साधी होती, हे मला पटत नाही. साधना या अभिनेत्रीच्या कपाळावरची झालर पाहून मुलींनी 'साधना कट' केलाच होता. 1973 साली 'बॉबी' चित्रपट आला आणि ठिपक्यांच्या कापडाला 'बॉबी प्रिंट' हे नाव मिळाले. बेलबॉटमने रस्ते झाडणारे तरुण आज आपले प्राध्यापक किंवा काका आहेत. (पुरावा त्यांच्या अल्बममध्ये मिळेल.) फरक वेगाचा आहे. चित्रपटातली ती विजार तालुक्याच्या गावी येईपर्यंत मध्ये शिंपी होता, कापडाचा दुकानदार होता, वडिलांचा खिसा होता आणि दिवाळीची वाट पाहणे होते. एवढ्या चाळण्यांतून जे उतरे ते चार-सहा वर्षे टिके. पुढे झारा या स्पॅनिश कंपनीने आराखड्यापासून दुकानापर्यंतचा प्रवास काही आठवड्यांवर आणला, आणि ऑनलाइन कंपन्यांनी त्याहून घाई चालवली आहे. चाळण्या गेल्या. रीलमध्ये दिसले, बोट लावले, तिसऱ्या दिवशी दारात.

या घाईची किंमत कोणीतरी मोजतोच. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तिच्यात परदेशी कंपन्यांचे कपडे शिवणारे कारखाने होते. भिंतींना आदल्या दिवशीच तडे गेलेले दिसले होते, तरी कामगारांना कामावर बोलावण्यात आले, आणि 1,100 हून अधिक माणसे मेली. स्वस्त सदरा पाहताना रोज हे आठवावे असे मी म्हणत नाही. ते शक्यही नाही. पण किमतीच्या चिठ्ठीवर सगळा हिशेब नसतो, एवढे तरी ठाऊक असावे.

आपला स्वतःचा हिशेबही आपण चुकीचा मांडतो. 399 रुपयांचा झगमगीत सदरा चार वेळा घालून विटला, तर एका वापराला जवळजवळ 100 रुपये पडले. 1,200 रुपयांचा सुती सदरा दोन वर्षांत शंभर वेळा घातला, तर 12 रुपये. हा हिशेब दारावर येणारी बोहारीण तोंडी करीत असे. जुन्या कपड्यांच्या ढिगातून ती एकेक साडी उजेडाकडे धरून पाही, काठ ओढून पाही, आणि "ह्याला काय येत न्हाई, बाई" म्हणून चमकदार नायलॉन बाजूला टाकी. भांडे मिळे ते सुती आणि जरीच्या कपड्यांवर. कपडा पडद्यावर आवडला की बोहारीण त्याचे काय करील असे मनात आणून पाहावे. निम्म्या वस्तू आपोआप गळतात. उरलेल्यांसाठी, त्या यादीत टाकून आठवडाभर तशाच ठेवणे हा उपाय मला सर्वांत परिणामकारक वाटतो. आठ दिवसांनी पुन्हा पाहिले तर त्यांतल्या कित्येक आपण कशासाठी निवडल्या होत्या हेच आठवत नाही.

हा आठवडा मिळू नये अशीच त्या दुकानाची रचना असते. 'फक्त 2 शिल्लक', 'सवलत संपायला 9 मिनिटे' अशी घड्याळे धावत असतात. पान बंद करून पुन्हा उघडावे तर तीच 9 मिनिटे पुन्हा सुरू! केंद्र सरकारने 2023 च्या अखेरीस अशा 13 फसव्या युक्त्यांची यादी मार्गदर्शक तत्त्वांत घातली. खोटी घाई दाखवणे, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे, शेवटच्या क्षणी जादा आकार लावणे हे त्यातले प्रकार. रीलवर कपड्याची स्तुती करणाऱ्याने पैसे किंवा फुकट माल घेतला असेल तर तसे स्पष्ट सांगावे, असा जाहिरात मानक परिषदेचा नियम 2021 पासून आहे. कोपऱ्यातला 'ॲड' हा शब्द त्यासाठीच असतो. तो शोधून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

मैत्रिणीच्या पैठणीचे पुढे काय झाले? विक्रेता म्हणाला, "सेलचा माल परत होत नाही." पण 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. संकेतस्थळावर तक्रार अधिकाऱ्याचे नाव देणे बंधनकारक आहे. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निर्णय द्यावयाचा असतो. तिने पुडके फोडताना चित्रफीत काढली होती. ती, जाहिरातीच्या पानाचे चित्र आणि नियमाचा उल्लेख असे चार ओळींचे पत्र तिने पाठवले, आणि तीन आठवड्यांत पैसे परत आले. मधल्या काळात 'परतावा विभागातून बोलतो' असा एक फोनही तिला आला आणि त्याने यूपीआयचा पिन टाकायला सांगितले. तिने फोन ठेवला, ते उत्तम केले. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो देण्यासाठी लागतो. मदतीचा क्रमांकही गूगलवर न शोधता कंपनीच्या ॲपमधूनच घ्यावा.

एवढ्याने भागले नाही तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. त्याहीपुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, विक्रेता सुरतचा असो की दिल्लीचा. आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रार शुल्क नाही. पावती, मागणीचा क्रमांक आणि तारखा मात्र हाताशी हव्यात. जाहिरातीचे पान विक्रेता रातोरात बदलू शकतो, म्हणून त्याचे चित्र मागणी नोंदवतानाच काढून ठेवावे.