नकाशास प्रश्न कसा विचारावा व त्यांत दुरुस्ती कशी करावी

शेतकरी सोसायटीच्या सभासदांच्या शेतांचा नकाशा हल्लीं संगणकावर तयार करतां येतो. परंतु पुष्कळदां तो एखाद्या तरुण चिटणिसाच्या हातीं राहतो, आणि बाकीचे सभासद त्याकडे भिंतीवरील चित्राप्रमाणें नुसते पाहतात. ही स्थिति बरी नव्हे. ज्या नकाशावरून पाण्याची पाळी व बियाण्याची मागणी ठरावयाची, त्यास प्रश्न विचारण्याची व त्यांतील चूक सुधारण्याची रीत प्रत्येक जाणत्या शेतकऱ्यास ठाऊक असली पाहिजे. रीत कठीण नाहीं. मात्र तींत एक मोठा धोका आहे. तो आम्हीं स्वतः अनुभवला, म्हणूनच हा लेख लिहिण्याचें योजिलें.

नकाशाची घडण:— क्यूजीआयएस हें विनामूल्य मिळणारें नकाशाचें सॉफ्टवेअर गॅरी शर्मन यांनीं २००२ सालीं सुरू केलें. त्यांत शेताचा नकाशा म्हणजे एक जोडी असते: शेताची आकृति, आणि त्या आकृतीस बांधलेली तक्त्यांतील एक ओळ. ओळींत गांव, गट नंबर, क्षेत्र, पीक, पाण्याचें साधन असे रकाने असतात. डोळ्यांस दिसते ती आकृति. परंतु हिशेबाचें बहुतेक काम तक्त्यावर होतें. या तक्त्याशीं बोलण्याची भाषा ती एसक्यूएल. एडगर कॉड यांनीं १९७० सालीं अशा तक्त्यांच्या रचनेचें शास्त्र मांडलें, आणि त्याच्या आधारें आयबीएम कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ सालीं ही भाषा प्रसिद्ध केली. तिचे शब्द इंग्रजी व रोमन लिपींत लिहावयाचे असतात. येथें ते उच्चाराप्रमाणें दिले आहेत. रकान्यांचीं नांवें व त्यांतील मजकूर मात्र देवनागरींत ठेवतां येतो.

निवडीची आज्ञा:— क्यूजीआयएसमधील डीबी मॅनेजर नांवाच्या खिडकींत पुढील वाक्य लिहावें:

सिलेक्ट गट, क्षेत्र फ्रॉम शेत व्हेअर पीक = 'ऊस';

सिलेक्ट म्हणजे काय दाखवावयाचें, फ्रॉम म्हणजे कोणत्या तक्त्यांतून, आणि व्हेअर म्हणजे कोणत्या अटीवर. वाक्य चालवितांच ऊस असलेल्या शेतांची यादी समोर येते. नकाशावरच तीं शेतें उठून दिसावींत असें वाटल्यास निवडीच्या दुसऱ्या खिडकींत नुसती अट लिहावी; जुळणारीं शेतें पिवळीं होतात. निवडीच्या आज्ञेनें तक्त्यांतील एक अक्षरहि बदलत नाहीं. यास्तव नवशिक्यानें हीच आज्ञा शंभर वेळां चालवून हात बसवावा.

उत्तर चुकण्याचीं कारणें:— संगणक अर्थ पाहत नाहीं, अक्षर पाहतो. एका सभासदाच्या शेतापुढें 'ऊस', दुसऱ्याच्या 'उस' व तिसऱ्याच्या 'ऊंस' असें लिहिलेलें असेल, तर वरील प्रश्नास फक्त पहिलाच सांपडेल. शब्दापुढें चुकून राहिलेली मोकळी जागाहि असाच घोंटाळा करते.

दुसरें कारण रिकामा रकाना. रिकामें म्हणजे शून्य नव्हे व 'नाहीं' असेंहि नव्हे; 'माहिती नाहीं' असा त्याचा अर्थ. 'ज्यांत ऊस नाहीं तीं शेतें दाखव' असें विचारलें, तर ज्यांचें पीकच लिहिलेलें नाहीं तीं शेतें त्या यादींत येत नाहींत. त्यांच्यासाठीं 'व्हेअर पीक इज नल' अशी निराळी अट घालावी लागते.

तिसरें कारण आंकडा व मजकूर यांतील भेद. क्षेत्राचा रकाना मजकुराचा केला असल्यास त्यांत ९ हा १० पेक्षां मोठा ठरतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. म्हणून क्षेत्र दशांशांत व आंकड्यांच्या रकान्यांतच ठेवावें. १ हेक्टर २० आर म्हणजे १.२० हेक्टर. उलट, गट नंबर मजकूर म्हणून ठेवावा, कारण २१४/२ ही संख्या नव्हे.

अंतराचे प्रश्न:— कालव्यापासून १०० मीटरांच्या आंत कोणतीं शेतें येतात, असाहि प्रश्न विचारतां येतो. त्यासाठीं पोस्टजीआयएस या साधनांत एसटी_डीविदिन नांवाची सोय आहे. मात्र नकाशा अक्षांश-रेखांशांच्या अंशांत असेल तर १०० चा अर्थ १०० अंश असा होतो, आणि सारा मुलूख निवडला जातो! याकरितां नकाशा प्रथम मीटरांच्या मापावर आणावा. रेखांश ७२ ते ७८ यांमधील आपल्या बहुतेक भागास यूटीएमचा ४३ वा पट्टा लागतो; ७८ च्या पूर्वेस, म्हणजे नागपुराकडे, ४४ वा.

दुरुस्तीची आज्ञा व आमची चूक:— पीक बदललें कीं तक्ताहि बदलावा लागतो. त्याची आज्ञा अशी:

अपडेट शेत सेट पीक = 'ऊस' व्हेअर गट = '२१४';

आतां यांतील धोका पहा. शेवटची अट गळाली तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्धच राहतें, आणि संगणक कांहींएक न विचारतां प्रत्येक ओळींत ऊस लिहितो. प्रस्तुत लेखकाच्या हातून हेंच झालें. अट लिहिण्यापूर्वींच बटण दाबलें गेलें. तें त्याच्या ध्यानांतहि आलें नाहीं, आणि पाण्याच्या मागणीची यादी तशीच छापून गेली. दुसरे दिवशीं माळावर ज्वारी पेरणारे एक वृद्ध सभासद यादी हातांत घेऊन आले व म्हणाले, "अरे, माझ्या कोरडवाहूंत ऊस कोणी लावला?" तेव्हां कोठें नकाशा उघडला. सारें शिवार एकाच रंगाचें झालें होतें. सुदैवानें आठ दिवसांपूर्वींची नक्कल शिल्लक होती. परंतु त्या आठ दिवसांत बांधावर जाऊन केलेल्या दुरुस्त्या बुडाल्या. त्यांसाठीं दोन सभासदांस पुन्हां उन्हांतून शिवार पालथें घालावें लागलें. ती पायपीट आमच्या घाईची किंमत होती.

कामाची रीत:— त्यानंतर आम्हीं चार नियम ठरविले.

(१) दुरुस्तीपूर्वीं फाईलीची तारीख घातलेली नक्कल करून ठेवावी.

(२) अट प्रथम सिलेक्टमध्यें चालवावी, ओळी मोजाव्या व वाचून पहाव्या. मगच तीच अट, एकहि अक्षर न बदलतां, अपडेटमध्यें घालावी.

(३) गट नंबर गांवोगांव तेच असतात, आणि एका गटांत अनेक खातेदारहि असतात. म्हणून अटींत गांव व, जरूर तेथें, खातें हीं दोन्ही घालावींत. आमच्या वरील उदाहरणांत गांव नाहीं. तेवढ्यापुरतें तेंहि सदोषच आहे.

(४) परत फिरण्याची वाट मोकळी ठेवावी. तक्ता पोस्टग्रेस विदागारांत असल्यास त्याच्या स्वतःच्या आज्ञापटलावर 'बिगिन' म्हणून आरंभ करावा. बदललेल्या ओळींची संख्या मोजलेल्या संख्येशीं जुळली तर 'कमिट', न जुळली तर 'रोलबॅक' म्हणावें. साधी फाईल वापरणाऱ्यांनीं पेन्सिलीचें चिन्ह दाबून फील्ड कॅल्क्युलेटर उघडावा, फक्त निवडलेल्या ओळी बदलण्याची खूण करावी, आणि नकाशा नीट पाहिल्यावरच सेव्ह करावें. सेव्ह करण्यापूर्वीं केलेला बदल मागें घेतां येतो.

शेवटीं एक गोष्ट सांगणें जरूर आहे. सोसायटीचा नकाशा म्हणजे सातबारा नव्हे. येथें पीक बदलल्यानें महसुली दप्तरांतील नोंद बदलत नाहीं. तिचा मार्ग निराळा. परंतु पाण्याची पाळी आपसांत ठरवितांना आपण ज्या कागदावर विश्वास ठेवतों तो हाच असल्यानें, त्यांतील खोटी ओळ शेजाऱ्याच्या उभ्या पिकास भोंवते. पेरणीपूर्वीं आपण मूठभर बीं भिजवून उगवण पाहतों, मगच पोतें फोडतों. आधीं सिलेक्ट व मग अपडेट, ही रीत त्याहून वेगळी नाहीं. एवढें जरी वाचकांनीं ध्यानांत ठेवलें, तरी आमच्या चुकीचें कांहीं चीज झालें असें आम्ही समजूं.