नातं खरं आहे? पुरावे जोडा!

समजा, उद्या एखाद्या सरकारी अधिकाऱ्याने तुम्हाला विचारलं, ‘तुमचं नातं खरं आहे कशावरून?’ तर तुम्ही काय दाखवाल? इन्स्टावरचे रील्स? रात्री दोनपर्यंतचे चॅट्स? वाढदिवसाला मिळालेलं हुडी? हसू नका. लग्न करून परदेशातल्या जोडीदाराकडे जायला निघालेल्या प्रत्येकाला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, आणि तेही पीडीएफमध्ये.

माझी मावसबहीण नाशिकची, जिजू मेलबर्नला. तो तिकडचा पर्मनंट रेसिडेंट. गेले काही महिने तिच्या पार्टनर व्हिसाच्या फायलीवर मीही बसलेय, कारण आमच्या घरात ‘मास कम्युनिकेशन करते’ याचा अर्थ ‘इंग्रजी अर्ज लिहून देते’ असा आहे. तुमच्याही घरात, नाहीतर ग्रुपमध्ये, अशी एखादी ताई किंवा मैत्रीण असणारच. म्हणून हे सगळं सांगतेय.

आधी गणित समजून घ्या. भारतात बसून ऑस्ट्रेलियाच्या पार्टनर व्हिसाला अर्ज केला की दोन व्हिसांचा अर्ज एकदमच होतो. पहिला ३०९ क्रमांकाचा, तात्पुरता. दुसरा १०० क्रमांकाचा, कायमचा, ज्याचा विचार साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून दोन वर्षांनी होतो. फी नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, म्हणजे आपले पाच लाखांच्या आसपास. नकार आला तरी ती सहसा परत मिळत नाही. मावशीने हा आकडा ऐकला तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘एवढ्यात तर अजून एक लग्न झालं असतं.’

आता पुराव्यांकडे येऊ. ऑस्ट्रेलियाचे नियम नातं चार बाजूंनी तपासतात : पैसे, घर, समाज आणि बांधिलकी. पैशांचं समजू शकतं. एकमेकांना पाठवलेली रक्कम, जॉइंट अकाउंट असेल तर त्याचं स्टेटमेंट, विम्यात किंवा तिकडच्या सुपरअॅन्युएशनमध्ये, म्हणजे निवृत्तीच्या फंडात, कोणाचं नाव लावलंय ते. समाजाचंही सोपं. आपल्या लग्नाला चारशे माणसं जेवून गेलेली असतात, अजून काय हवं? गाडी अडते ती ‘घर’ या बाजूवर. तिथे इतर गोष्टींबरोबर हेही बघितलं जातं की घरकामाची जबाबदारी दोघं कशी वाटून घेता. नियमातच लिहिलंय तसं! कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ‘मुलीला स्वयंपाक येतो ना’ हे विचारणारी माणसं डझनभर भेटतात. ‘मुलगा भांडी घासतो का’ हे विचारायला मात्र थेट कॅनबेराचं सरकार लागलं.

ताई आणि जिजू लग्नानंतर एकत्र राहिले ते सव्वीस दिवस. तेही सासरी, सासू-सासरे, दीर आणि आलेगेले पाहुणे यांच्यात. त्यात घरकामाची वाटणी कसली? मग खरं तेच लिहिलं. ती सासूबाईंबरोबर स्वयंपाक करायची, तो आजोबांना रोज सकाळी दवाखान्यात न्यायचा, दोन रविवारी चहा त्याने केला. मेलबर्नला तो कुठे राहतो, ती गेल्यावर घर कोणतं घ्यायचं, तिच्या नोकरीचं काय, यावर दोघांचं काय ठरलंय तेही लिहिलं. लांब राहणाऱ्या जोडप्याकडे भाडेकरारावर दोन नावं नसतात, हे तिकडच्या अधिकाऱ्यालाही कळतं. नाहीत ती नावं उभी करायला जाऊ नका. खोटा किंवा दिशाभूल करणारा कागद सापडला तर अर्ज तर जातोच, वर तीन वर्षं बहुतेक व्हिसांचे दरवाजे बंद होऊ शकतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो निवेदनात. दोघांनीही स्वतंत्र लिहायचं असतं : कसे भेटलात, कधी ठरवलं, नातं कसं वाढलं, वेगळे राहता तेव्हा काय करता, पुढचा बेत काय. एका एजंटने ताईला तयार मजकूर पाठवला होता. त्यात ती आणि जिजू एका कॉमन फ्रेंडच्या पार्टीत भेटले होते आणि पहिल्या नजरेतच प्रेमात पडले होते. नाशिकमध्ये! मामाने पाठवलेल्या बायोडेटाची पीडीएफ फोनमध्ये असताना! एजंटचं म्हणणं असं की अरेंज्ड मॅरेज लिहिलं तर ‘वीक’ दिसतं. मला यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच वाटते. आपलं लग्न ठरवून झालं याची लाज आपल्यालाच जास्त वाटते. ठरवून झालेलं लग्न हे काही अर्ज फेटाळण्याचं कारण नाही, ते कसं ठरलं आणि पुढे कसं फुललं हे नीट सांगावं लागतं, इतकंच.

ताईने तो मजकूर डिलीट केला आणि एका रात्रीत स्वतःचा लिहिला. बायोडेटा कोणी पाठवला, पहिला व्हिडिओ कॉल किती मिनिटं चालला, दुसऱ्या कॉलवर तो म्हणाला की मला स्वयंपाक येतो पण पोळी ऑस्ट्रेलियाच्या नकाशासारखी होते. साखरपुड्याआधी तिने त्याला विचारलं होतं, ‘मी तिकडे येऊन पुन्हा शिकले तर चालेल का?’ आणि त्याने विचारलं होतं, ‘चालेल का म्हणजे काय?’ हे वाक्य कुठल्या एजंटला सुचलं असतं सांगा!

निवेदनं झाल्यावर आम्ही एक काम केलं, ते तुम्हीही करा. दोघांची निवेदनं शेजारी ठेवून फक्त तारखा वाचल्या. साखरपुडा, लग्न, परतीचं विमान, पहिले पैसे पाठवले तो दिवस. एकाने तिथीनुसार लिहिलं आणि दुसऱ्याने कॅलेंडर बघून, तर गोंधळ होतो. पण मजकूर एकसारखा करू नका. दोन माणसं एकच गोष्ट दोन तऱ्हेनेच सांगतात.

फोटोंबद्दल थोडक्यात. लग्नाच्या अल्बममध्ये आठशे फोटो होते आणि त्यातल्या निम्म्यांत दोघांच्या मधे कोणीतरी आत्या उभी होती. आम्ही वीसेक निवडले, पण फक्त लग्नातले नाही : साखरपुडा, त्र्यंबकची ट्रिप, एअरपोर्ट, आजोबांच्या खाटेपाशी बसलेला जिजू. प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते. चॅट्सही सगळे देत बसू नका. महिन्याला एखाददोन पानं पुरतात, आणि ती कोणती द्यायची हे ताईनेच ठरवलं. मी ती वाचली नाहीत. मला ती वाचायचीही नव्हती, धन्यवाद.

आता नाव. तुमच्यापैकी ज्या मुली आहेत त्यांनी हा भाग दोनदा वाचा. आपलं नाव तीन मजली असतं : स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. लग्न झालं की वरचे दोन मजले बदलतात, आणि काही घरांत तांदळाच्या ताटात नवं नाव लिहून तळमजलाही. मग दहावीच्या सर्टिफिकेटवर एक नाव, आधारवर दुसरं, आहेराच्या पाकिटावर तिसरं. अर्जात ‘तुम्ही आजवर कोणकोणत्या नावांनी ओळखल्या जाता’ असा प्रश्न असतो. तिथे सगळी नावं द्यावी लागतात आणि ती सगळी मीच, याला कागदाचा आधार लागतो. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. ताईने बदललं नाही. सासरी एक संध्याकाळ त्यावर चर्चा झाली. जिजूने फोनवरून सांगितलं की डिग्री, पॅन, पासपोर्ट सगळं एका नावावर आहे तर ते तसंच राहू द्या, आणि विषय संपला. प्रत्येक घरात तो इतक्या लवकर संपत नाही, हे मला माहीत आहे.

नावाचाच एक किस्सा. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाचं भाषांतर जोडावं लागतं, आणि त्याखाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, शिक्षण आणि अनुभव लिहावा लागतो. लग्नपत्रिका मराठीत होती. भाषांतर करून आलं त्यात वधूच्या नावाआधीच्या ‘चि. सौ. कां.’चं भाषांतर झालंच नव्हतं, ती अक्षरं इंग्रजीत तशीच्या तशी उतरवून नावालाच चिकटवली होती. म्हणजे कागदोपत्री ताईला अजून तीन नावं मिळाली. परत पाठवलं.

लग्नाचं प्रमाणपत्र मात्र जिजू इथे असतानाच काढून घ्या, हे मी ठळक अक्षरात छापायला सांगणार होते. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्याखाली नोंदणी करताना नवरा-बायको दोघंही लागतात, सोबत तीन साक्षीदार. कोर्ट मॅरेज, म्हणजे १९५४चा विशेष विवाह कायदा, हा तर सुट्टीवर आलेल्या मुलासाठी आणखी अवघड. दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेला हवा, आणि नोटीस दिल्यावर पुन्हा तीस दिवस थांबायचं. तीन आठवड्यांच्या सुट्टीत आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्न करू पाहणाऱ्यांचं इथेच फसतं. बाकी पोलीस क्लिअरन्सचं काम सरळ आहे. पासपोर्ट सेवाच्या साइटवर अर्ज, पाचशे रुपये फी. सोळा वर्षांनंतर गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात एकूण बारा महिने राहिलात तिथलं प्रत्येकी एक लागतं. मेडिकल ठरवून दिलेल्या डॉक्टरकडेच.

ऑस्ट्रेलिया सोडून इतरत्र जायचं तर पेपर वेगळा. ब्रिटनमध्ये ११ एप्रिल २०२४पासून तिथल्या जोडीदाराचं उत्पन्न वर्षाला २९,००० पौंड हवं, आधी १८,६०० चालायचं. अमेरिकेच्या के-वन, म्हणजे वाग्दत्त जोडीदाराच्या व्हिसासाठी, अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात. व्हिडिओ कॉल धरत नाहीत.

आणि तुमचा स्वतःचा संबंध कुठे येतो? फॉर्म ८८८मध्ये. दोघांना ओळखणाऱ्या, अठरा पूर्ण झालेल्या किमान दोघांनी लिहून द्यायचं असतं की हे नातं खरं आहे असं आम्हाला का वाटतं. ताईच्या हॉस्टेलच्या मैत्रिणीने लिहिलं. ‘दे आर अ व्हेरी नाइस कपल’ हे पहिलं वाक्य तिने खोडलं आणि लिहिलं की लग्नाच्या आदल्या रात्री हिला ताप आला तेव्हा हा बारा वाजता औषध घेऊन मांडवात आला होता. उद्या तुम्हाला कोणी असं पत्र मागितलं तर असंच काहीतरी आठवा.

शेवटी पासवर्ड. हे मी मुद्दाम मागे ठेवलं. बहुतेक घरांत असं होतं की नवरा तिकडे, त्याचं इंग्रजी चांगलं, पैसे तोच भरणार, म्हणून खातं तोच उघडतो. नाहीतर एजंट. मुलगी फक्त सही करते. प्रत्यक्षात अर्जदार ती असते. नवरा हा स्पॉन्सर, त्याचा अर्ज वेगळा असतो आणि तो तिच्या अर्जाच्या क्रमांकाला जोडला जातो. स्पॉन्सरलाही पोलीस रेकॉर्ड द्यावं लागतं, आणि त्यात काही गंभीर गुन्हे निघाले तर ते तिला कळवण्याची तरतूद आहे. त्याने आधी कोणाला स्पॉन्सर केलंय का हेही बघतात, कारण सहसा आयुष्यात दोनदाच आणि मधे पाच वर्षांचं अंतर ठेवूनच स्पॉन्सर करता येतं. अजून एक : ३०९वर तिकडे पोचल्यावर घरात हिंसा झाली आणि त्यामुळे नातं तुटलं, तर ‘व्हिसा रद्द करून परत पाठवीन’ ही धमकी तितकीशी खरी नसते. अशा बायकांसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे, नातं संपलं तरी कायमच्या व्हिसाचा विचार होऊ शकतो. हे जिला माहीत नाही तिला कोणीही घाबरवू शकतं. आणि स्वतःच्या अर्जात काय लिहिलंय हेच जिने वाचलेलं नाही, तिला हे कुठून माहीत असणार?

मावशीला हा विषय काढलेला आवडला नाही. ‘शुभ कामात काय हे!’ ताईने मात्र त्याच दिवशी स्वतःच्या ईमेलवरून खातं उघडलं. जिजूची काहीच हरकत नव्हती. उलट त्याने विचारलं, ‘मग माझ्या अर्जातलं तू तपासशील का?’

निकाल अजून आलेला नाही. मधल्या काळात पत्ता बदलला, नोकरी बदलली तर तेही कळवायचं असतं. गेल्या आठवड्यात ताईने नाशिकमध्येच नवी नोकरी धरली. संध्याकाळी घरी येऊन तिने लॉगिन केलं, माहिती बदलली, ऑफर लेटर जोडलं आणि मग जिजूला फोन लावला.

‘पगार किती?’ त्याने विचारलं.

‘आर्थिक पुराव्यात बघ,’ ती म्हणाली.