पाण्यातील बाळंतपण आणि दाराबाहेरची वाट

लेस्टरहून कन्येचा फोन आला, तेव्हा आमच्या घरी चातुर्मासाची तयारी चालली होती. तिला सातवा महिना लागला होता. "आई, बाळंतपण घरीच करायचं ठरवलंय, आणि तेही पाण्यात," एवढे बोलून ती माझ्या उत्तराची वाट पाहत थांबली. मला उत्तर सुचले नाही. मी नुसतेच विचारले, "जावईबापूंना मान्य आहे का?"

आमच्या इचलकरंजीकडच्या घरांत पहिले बाळंतपण माहेरी, हा जणू नियमच. माझा स्वतःचा जन्म आजोळच्या माजघरात, सुईणीच्या हातून झाला. माझी तिन्ही मुले मात्र दवाखान्यात झाली. एका पिढीत आपण माजघरातून दवाखान्यात आलो आणि त्यात आपल्याला समाधानही वाटले. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १०० पैकी सुमारे ८९ प्रसूती दवाखान्यांत होतात. अशा वेळी शिकलेली मुलगी विलायतेत बसून पुन्हा घराकडे वळते, हे कोणत्याही आईला कोड्यासारखेच वाटेल. बारामतीच्या विहीणबाईंनी तर एकच प्रश्न विचारला, "अहो, पण पाणी किती लागणार?"

या प्रश्नाकडे मी पुढे येणारच आहे. आधी ही पद्धत आली कोठून, ते सांगते.

फ्रान्समध्ये पॅरिसच्या दक्षिणेस पितिव्हिए नावाचे लहानसे गाव आहे. तेथील सरकारी रुग्णालयात मिशेल ओदाँ हे डॉक्टर होते. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी प्रसूतिविभागात कोमट पाण्याचा एक हौद ठेवला. बाळाने पाण्यात जन्म घ्यावा, हा त्यांचा हेतू नव्हता. कळा सोसणाऱ्या स्त्रीला आराम मिळावा, एवढीच अपेक्षा होती. परंतु काही स्त्रिया शेवटच्या घटकेला बाहेर येण्यास तयार होईनात आणि बाळे पाण्यातच जन्मू लागली. अशा शंभर जन्मांच्या अनुभवावर ओदाँ यांनी १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. इंग्लंडमध्ये १९९२ साली पार्लमेंटच्या आरोग्य समितीने प्रसूतिगृहांत हौदाची सोय असावी, अशी शिफारस केली आणि तेथे ही पद्धत रुळली.

पाण्यात बाळ गुदमरणार नाही का, हा माझा पहिला प्रश्न होता. कन्येच्या घरी येणाऱ्या मिडवाइफबाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला. बाळाला तोपर्यंत प्राणवायू नाळेतून मिळत असतो. चेहऱ्याला हवेचा आणि गारव्याचा स्पर्श झाला, की ते पहिला श्वास घेते. म्हणून बाळाला सावकाश पण विलंब न लावता पाण्यावर आणायचे, आणि एकदा तोंड हवेत आले की पुन्हा पाण्याखाली जाऊ द्यायचे नाही. वर घेताना नाळेला ताण बसता कामा नये. कळांच्या काळात पाण्यात बसल्याने पाठीत द्यावयाच्या वेदनाशामक इंजेक्शनची गरज काहीशी कमी होते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसले आहे. प्रत्यक्ष जन्म पाण्यात व्हावा की नाही, याबद्दल मात्र एकमत नाही. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली जन्म पाण्याबाहेरच व्हावा, असा सल्ला दिला. ब्रिटनमधील तज्ज्ञांचा अनुभव अधिक आश्वासक आहे.

तेथे घरी बाळंत होणे ही चोरूनमारून करण्याची गोष्ट नाही. सरकारी आरोग्यसेवेच्या प्रशिक्षित मिडवाइफ घरी येतात, जन्माच्या वेळी दोघी हजर राहण्याची पद्धत आहे आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. मात्र कोणालाही सरसकट होकार मिळत नाही. बाळ एकच असावे, डोके खाली असावे, दिवस पूर्ण भरलेले असावेत, रक्तदाब नीट असावा. आपल्या वंशाच्या स्त्रियांना गरोदरपणी मधुमेह होण्याचा संभव अधिक, म्हणून २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान त्यांच्या साखरेची तपासणी करतात. हिमोग्लोबिनकडेही बारीक लक्ष असते. रक्त आधीच कमी असलेल्या स्त्रीला घरी अतिरक्तस्राव झाला, तर हाताशी वेळ फार थोडा उरतो. आपल्या शुद्ध शाकाहारी घरांतील सुनांच्या बाबतीत लोह आणि बी-१२ यांची हेळसांड होते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. त्या लाडूंइतकीच रक्ततपासणीही सासूबाईंनी आठवणीने करून घ्यावी.

प्रसूतीच्या तीन आठवडे आधी मी लेस्टरला पोहोचले. जावईबापूंचा खोक्यांचा घाऊक व्यापार आहे. त्यांनी हौदाचा विचार गोदामाच्या हिशेबाने केला. हवा भरून उभा करायचा तो हौद सुमारे ६५० लिटरचा, म्हणजे भरल्यावर पाण्याचेच वजन ६५० किलो! माडीवरच्या लाकडी जमिनीवर तो ठेवणे त्यांना धोक्याचे वाटले, म्हणून तळमजल्यावरील बैठकीची खोली ठरली. नळी नवी आणि पिण्याच्या पाण्यासाठीची हवी. ती कोणत्या नळाला बसते, घरातील बॉयलर एका दमात किती गरम पाणी देतो, हौद भरायला किती वेळ लागतो, याची रंगीत तालीम त्यांनी एका रविवारी केली. हौद निम्मा भरताच बॉयलरचे गरम पाणी संपले. पुढे पातेली आणि किटल्या चढवाव्या लागतील, हे त्या दिवशी कळले. प्रसूतीच्या रात्री कळले असते तर?

आता विहीणबाईंचा प्रश्न. पाण्याच्या थेंबातही जीव मानणाऱ्या, पाणी गाळून आणि मोजून वापरणाऱ्या त्या बाईंना ६५० लिटर हा आकडा सोसवेना. नळीच्या तोंडाला स्वच्छ गाळणे बांधावे, असे त्यांनी सुचवले. मिडवाइफबाईंनी त्याला नकार दिला. नळीला काहीही बांधायचे नाही. मात्र त्यांचा दुसरा आग्रह तंतोतंत जुळला, तो म्हणजे पाणी साठवून ठेवायचे नाही. २०१४ साली इंग्लंडमध्ये घरच्या अशाच हौदात जन्मलेल्या एका बाळाला लीजनेअर्स हा फुप्फुसाचा गंभीर आजार झाला होता. तो हौद आधीच भरून, पंपाने पाणी फिरवत, ऊबदार ठेवलेला होता. त्या ऊबेत जंतू वाढले. तेव्हापासून कळा सुरू झाल्यावरच ताजे पाणी भरावे, हे तेथे कटाक्षाने सांगतात. गाळलेल्या पाण्यालाही मर्यादा असते, हे लहानपणापासून ऐकत आलेल्या आम्हा दोघी विहिणींना हा नियम समजावून सांगावा लागला नाही.

परंतु मला खरा घोर होता तो दुसऱ्याच आकड्यांचा. इंग्लंडमध्ये ६४ हजारांहून अधिक, धोका कमी असलेल्या प्रसूतींचा मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या किंवा पुढच्या खेपेच्या स्त्रियांना घरी प्रसूत होण्याने बाळाचा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. पहिलटकरणींचे तसे नाही. दवाखान्यात हजारामागे सुमारे ५ बाळांच्या बाबतीत गंभीर प्रसंग ओढवला, तर घरी ठरवलेल्या प्रसूतींत ९. शिवाय घरी सुरुवात करणाऱ्या १०० पहिलटकरणींपैकी ४५ जणींना मध्येच, किंवा जन्मानंतर लगेच, दवाखान्यात हलवावे लागले. कन्या म्हणाली, "आई, हजारात ९९१ बाळांना काही होत नाही." मला ती नऊच दिसत होती. त्याच अभ्यासात मिडवाइफ चालवतात त्या प्रसूतिकेंद्रांत पहिलटकरणींसाठी असा वाढीव धोका दिसला नव्हता, आणि तेथेही हौद असतो. रुग्णालयाच्या आवारातले असे केंद्र तिने निवडावे, असे मी दोनदा सांगितले. माझे मत आजही तेच आहे. पण देह तिचा होता आणि निर्णय त्या दोघांनी पूर्ण माहिती घेऊन केला होता.

मग मी एकच अट घातली. पाण्याबाहेर येण्याची आणि घराबाहेर पडण्याची तयारी हौदाच्या तयारीइतकीच कसून करायची. मिडवाइफबाई हसल्या, त्यांच्या कागदांचा निम्मा भाग त्याविषयीच होता. रुग्णालय मध्यरात्री किती मिनिटांवर, अँब्युलन्स दारापर्यंत येते की कोपऱ्यावर थांबते, जिन्याखालची अडगळ स्ट्रेचरला आडवी येते का, पिशवी कोठे, सोबत कोण जाणार, हे सारे लिहिले गेले. शेवटची ओळ कन्येने स्वतः लिहिली, की मिडवाइफ ‘निघू या’ म्हणाल्या की चर्चा करायची नाही. आपण व्यापारी माणसे. सौदा मोडला तर काय, हे आधी ठरवल्याशिवाय माल उचलत नाही. येथे मात्र घरच्यांना अशा बोलण्यात अपशकुन वाटतो.

आपल्याकडील भगिनींना येथेच थांबवून सांगावेसे वाटते. दोन मिडवाइफ, ठरलेले रुग्णालय आणि वेळेवर येणारी अँब्युलन्स यांच्या आधारावर तो हौद उभा असतो. भारतात घरी येणाऱ्या प्रशिक्षित मिडवाइफची अशी सार्वत्रिक व्यवस्था नाही. २०१८ साली तमिळनाडूतील तिरुपूर येथे यूट्यूबवरील चित्रफितींच्या आधारे घरीच प्रसूत होऊ पाहणारी एक तरुण माता रक्तस्रावाने दगावली. पाण्याचा आराम हवाच असेल, तर येथे तो प्रसूतितज्ज्ञ आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच घ्यावा.

कळा एका सायंकाळी सुरू झाल्या. रात्री दहाच्या सुमारास कन्या पाण्यात उतरली आणि तिचा चेहरा खरोखरच सैल झाला. जावईबापू तापमापक पाहत, ३७ अंशांच्या आसपास पाणी राखत होते. साडेसदतीसच्या वर जाऊ द्यायचे नव्हते. मिडवाइफबाई दर १५ मिनिटांनी पाण्यात चालणाऱ्या यंत्राने बाळाचे ठोके ऐकत होत्या. मी कोपऱ्यात णमोकार म्हणत बसले होते. दोन वाजता तपासले, चार वाजता पुन्हा तपासले. प्रगती जवळजवळ नव्हती. ठोके उत्तम होते, तरी बाई म्हणाल्या, "आता निघू या." कन्येने डोळे मिटले, मग हात पुढे केला. कोणी चर्चा केली नाही.

नात सकाळी सव्वानऊला जन्मली, रुग्णालयातील खाटेवर, कोरड्यात. विहीणबाईंना फोन केला, तेव्हा त्यांनी आधी रडून घेतले आणि मग सुवेर लेस्टरच्या वेळेने धरायचे की बारामतीच्या, असे विचारले.

दुपारी मी घरी परतले, तर हौद तसाच भरलेला होता. पाणी थंडगार झाले होते. जावईबापूंनी मोटर लावली आणि नळीचे दुसरे टोक हातात धरून, पाणी संपेपर्यंत मोरीच्या दारात उभे राहिले.